मनोऱ्याची अंघोळ

३ एप्रिल, गुरुवार

ही वही रागाच्या भरात उघडली आहे, हे आधीच लिहून ठेवते. मला दैनंदिनीची सवय नाही. पण उद्या कुणी विचारलं की काय घडलं आणि कोणत्या क्रमानं घडलं, तर माझ्याकडे उत्तर असावं.

सकाळी बांधकाम तपासणी कार्यालयातून फोन आला. आमच्या पोहण्याच्या तलावावर उडीचा जो मनोरा आहे, त्याबद्दल कुणीतरी तक्रार केली आहे. तपासणीला माणूस येईल. तक्रार कुणाची, हे ते सांगत नाहीत. मी तलावाची व्यवस्थापक. इथली प्रत्येक फरशी रोज माझ्या नजरेखालून जाते. माझ्या पाठीमागे मला सगळे 'शिट्टी' म्हणतात, ते काही उगाच नाही. आणि मनोरा तर ह्यांनी तरुणपणी, नवे नवे इंजिनीअर असताना, स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलेला. त्याच्याबद्दल तक्रार म्हणजे आमच्या घराबद्दल तक्रार.

वेळही काय साधली आहे. वीस तारखेला याच मनोऱ्यावर निवड चाचणी. तीन मुली निवडायच्या आहेत. आमची नात तिच्या वयोगटात शेवटच्या वर्षाला आहे. ही संधी गेली की पुढे मोठ्यांच्या गटात जायचं, आणि तिथे तिला कोण विचारतं?

जेवताना सांगितलं. हे म्हणाले, "येऊ दे की. बघेल आणि जाईल."

"कुणाचं तरी डोकं फिरलंय," मी म्हटलं.

"असेल," म्हणाले, आणि पाण्याचा पेला उगाच सरळ केला. नात ताटात बघत होती.

४ एप्रिल, शुक्रवार

माझा संशय पलीकडच्या क्लबवर आहे. त्यांचा मनोरा ठेंगणा, त्यामुळे चाचणी नेहमी आमच्याकडे होते. प्रशिक्षक मात्र म्हणाला, "मॅडम, त्यांच्यात एवढी अक्कल असती तर त्यांनी आधी स्वतःचं पाणी स्वच्छ केलं असतं."

नात आज पुन्हा मनोऱ्याच्या वरच्या कट्ट्यावर चढली आणि शिडीनं खाली आली. गेल्या महिन्यापासून हे चाललं आहे. वर जाते, टोकाशी उभी राहते, आणि परत. आमच्या तलावाचा नियम आहे की ओलं पाऊल फरशीवर दिसलं की शिपायानं लगेच पुसायचं. सूर मारणारी मुलगी पाण्यातून बाहेर येते, पलीकडच्या काठाला. शिडीच्या पायथ्याशी उतरलेली ओली पावलं दिसली की समजायचं, कुणीतरी घाबरलं. आज ती पावलं मी स्वतः पुसली. तिला म्हटलं, "कारणं नकोत. उडी हवी." हल्ली ती आजोबांशीच बोलते.

ह्यांचा गुडघा सुजला आहे. विचारलं तर म्हणे चालण्यानं. या वयात चालायला सपाट रस्ता पुरत नाही का?

७ एप्रिल, सोमवार

उद्या तपासणी. दोन्ही शिपायांना घेऊन मनोरा नखशिखांत धुऊन काढला. खांब, शिडी, वरच्या कट्ट्यावरची रबरी चटई उचलून तिच्याखालचं सगळं. खराटे, साबण, वर पाण्याची नळी. उद्या सकाळी पुन्हा एक हात मारायचा आहे. मनोरा इतका गोरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. येऊ देत कोण येतं ते.

८ एप्रिल, मंगळवार

फजिती. लिहायची इच्छा नाही, पण वही उघडताना शब्द दिला आहे.

तपासणीला बाई आली. पस्तिशीची असेल. डोक्यावर रुंद टोपी, गुडघ्यांना पट्टे बांधलेले, गळ्यात कॅमेरा. हा साधा कॅमेरा नाही. वस्तू गरम आहे की गार ते टिपतो आणि रंगांत दाखवतो. गरम ते पिवळं-पांढरं, गार ते निळं. तिनं तो मनोऱ्याकडे रोखला, बराच वेळ पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही ह्याला अंघोळ घातलीत का?"

मी अभिमानानं सांगितलं, काल आणि आज, दोनदा.

तिनं मला पडदा दाखवला. सगळा मनोरा निळा. जिथे थोडं वाळलं होतं तिथे आमच्या खराट्याचे फटकारे दिसत होते. शिपायानं कोपऱ्यात कुठे अंगचोरपणा केला तेही दिसत होतं. तो गुपचूप मागे सरकला.

तिनं समजावलं ते असं. काँक्रीटच्या आत सळया असतात. पाणी मुरलं की त्या गंजतात, गंजून फुगतात, आणि फुगल्या की वरचा थर खालून सुटतो. वरून काही दिसत नाही. तडासुद्धा नसतो. पण सुटलेल्या थराखाली हवेची बारीक फट असते. ऊन पडलं की चांगल्या काँक्रीटमधली उष्णता खोल उतरते, आणि सुटलेल्या थरातली वरच अडकते. म्हणून तेवढा भाग लवकर तापतो. कॅमेऱ्याला ते दिसतं. "पण त्याला कोरडा पृष्ठभाग हवा आणि स्वच्छ ऊन हवं. तुम्ही मला स्वच्छ मनोरा दिलात."

हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं. चटई काढून ठेवा, म्हणाली, आणि पाणी लावू नका, कृपा करून.

जाताना हे फाटकापाशी भेटले. ती म्हणाली, "काका, गुडघा कसा आहे?" तिला कसं कळलं? शिपाई फार बोलतात. उद्या त्यांना समज द्यायला हवी.

९ एप्रिल, बुधवार

ढग. ती आली, आकाशाकडे बघून बाकावर बसली, बसूनच राहिली. मी म्हटलं, आता आलीच आहेस तर घे की चार फोटो. ती म्हणाली, "घेईन. मग त्यात जे दिसणार नाही, ते नाहीच असं तुम्ही समजाल."

हे उत्तर मला आवडलं. कॉलेजात आम्हाला प्रयोगशाळेत एक बाई शिकवायच्या, त्या असं बोलत. न दिसणं आणि नसणं यांत फरक आहे, हे त्यांनी आमच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. मधल्या काळात कुठेतरी माझ्या डोक्यातून निसटलं असावं.

तिला चहा दिला. तिनं कप घेऊन आधी कॅमेऱ्यातून पाहिला. "सवय," म्हणाली. मग स्वतःच हसली. तेव्हा हसते तरी, एवढं कळलं.

११ एप्रिल, शुक्रवार

ऊन. आज पाहिलं.

सकाळी ऊन चांगलं चढेपर्यंत तिनं कुणाला वर जाऊ दिलं नाही. मग शिडी चढून कट्ट्याच्या मागच्या कठड्याला पाठ लावून उभी राहिली. तिच्यामागून मी चढले. प्रशिक्षक खालून म्हणाला, "मॅडम, जपून हां." मी शिट्टी वाजवली.

वरून कट्टा म्हणजे एक राखाडी पाट. डोळ्यांना काही नाही. तिनं पडदा माझ्याकडे वळवला. बराचसा कट्टा एकसारखा नारिंगी. आणि टोकाशी, जिथून मुली सूर मारतात तिथे, एक पिवळा-पांढरा डाग. आकार वेडावाकडा, साधारण मोठ्या ताटाएवढा. मधे आणखी एक, छोटा. मी पडद्यावरून नजर काढून कट्ट्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे. एकच जागा, आणि दोन गोष्टी. मी आयुष्यभर पहिलीच पाहत आले.

खरी कमाल पुढे आहे. ती गुडघ्यांवर बसली आणि खडूनं दोन्ही डागांभोवती रेघ ओढली. मग हातोडी मागितली. तिची खाली गाडीत होती. तेवढ्यात हे शिडीच्या मधल्या टप्प्यावरून म्हणाले, "ही घ्या." आमच्या घरच्या खणातली छोटी हातोडी. गेले पंधरा दिवस मी ती शोधत होते. गुडघा दुखत असताना हे शिडीवर काय करत होते, ते विचारायचं राहून गेलं.

तिनं ठोकून पाहिलं. इकडे टण, टण. खणखणीत. मधल्या छोट्या डागावरही टण. तिथे पूर्वी काळ्या रंगात आकडा रंगवलेला होता, पुसट झाला आहे. काळा रंग ऊन जास्त पितो, म्हणून जागा तापते. तिनं क्षणभर विचार केला आणि स्वतः ओढलेली खडूची रेघ स्वतःच पुसली. "हे माझं चुकलं असतं," म्हणाली. कुणी विचारलेलं नसताना. स्वतःचं उत्तर इतक्या सहज खोडणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. शाळा-कॉलेजात तर नाहीच.

मग टोकाचा डाग. आवाज बद्द. रिकाम्या डब्यासारखा. तिनं हातोडी माझ्या हातात दिली. मीही ठोकलं. मनोरा माझ्याशी खोटं बोलत होता असं वाटलं, आणि लगेच वाटलं, नाही, तो तर इतके दिवस खरं सांगत असेल. ऐकायला कुणी गेलं नाही.

"हा सगळा थर सुटलाय," ती म्हणाली. "तलावाच्या पाण्यात क्लोरिन असतं, चटईखाली ते पाणी साचून राहायचं. बांधणाऱ्याचा दोष दिसत नाही. सळयांवर काँक्रीटचं आवरण पुरेसं आहे, मी मोजलंय." ती हे माझ्याकडे बघून नाही, शिडीकडे बघून म्हणाली. ह्यांनी मान खाली घातली आणि सावकाश उतरले.

मी विचारलं, किती दिवस टिकेल? ती म्हणाली, "ते हा फोटो सांगत नाही. कुठे बघायचं एवढंच सांगतो. पण सूर मारताना सगळा जोर पायाच्या बोटांवर येतो, आणि बोटं नेमकी तिथेच असतात."

१२ एप्रिल, शनिवार

तिचा अहवाल कार्यालयात जाईल, तिथून आदेश यायला दोन-तीन आठवडे. तोवर मनोरा उघडा ठेवायचा की बंद, ते व्यवस्थापकानं ठरवायचं. शिडीच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे असते.

प्रशिक्षक आला. "मॅडम, मी काही गैर सांगत नाही. कागद यायच्या आत चाचणी होऊन जाईल. एका वेळी एकच मुलगी. पोरींचं वजन ते काय! आणि इतकी वर्षं उभाच आहे की."

"तू ठोकून पाहिलंस का?"

"मला हातोडीतलं काय कळतं?"

"कळायला लागतच नाही. ऐकू येतं."

तो गेला. पण खरं लिहायचं तर त्याचं बोलणं मागे राहिलं. एकच दिवस. आठ मुली, प्रत्येकीच्या थोड्या उड्या. काही होणार नाही, असं स्वतःला सांगणं किती सोपं आहे! दुपारभर मी तेच केलं. नातीच्या खोलीच्या दारावर तिनं चाचणीची तारीख चिकटवली आहे. येता-जाता ती दिसत राहते.

१३ एप्रिल, रविवार

फाटकाला कुलूप लावलं. दोन कुलपं लावली, एक माझ्या मनासाठी.

काल ह्यांना विचारलं होतं, तुम्ही काय केलं असतं? म्हणाले, "मी बांधलाय. माझं मत धरू नकोस." हे कसलं उत्तर? पण मग थांबून म्हणाले, "तू तो आवाज ऐकलास ना? मग झालं."

तेच. एकदा ऐकलेलं न ऐकल्यासारखं करता येत नाही.

चाचणी दुसऱ्या शहरात हलवली आहे. तिथला मनोरा मुलींना अनोळखी, सराव जेमतेम चार दिवस. नातीला मी सांगितलं तेव्हा रडेल, आदळआपट करेल म्हणून मनाची तयारी केली होती. ती "बरं" म्हणाली. मग आजोबांकडे पाहिलं. मला वाटतं तिला धक्का बसला आहे.

पालकांपैकी दोघे येऊन बरंच बोलून गेले. एकीनं म्हटलं, "तुमच्या नातीची तयारी नव्हती म्हणून तर नाही ना बंद केलंत?" मी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. आवाज चढवला नाही. याची नोंद असावी.

१७ एप्रिल, गुरुवार

कॅमेरावाली आज पुन्हा येऊन गेली, कट्ट्याची खालची बाजू बघायला. खालून ठीक आहे. मी तिला विचारलं, हे काम कशी शिकलीस? म्हणाली, आधी नुसत्या हातोडीनं शिकले. पूलच्या पूल ठोकत फिरायचे. खांदे भरून यायचे. कॅमेरा आला तेव्हा वाटलं, आता हातोडी सुटली. "सुटली नाही. आता कमी ठोकते, पण जिथे ठोकते तिथे जास्त नीट ऐकते."

मी तिला अजून एकदा चहा दिला. तिनं पुन्हा कप आधी कॅमेऱ्यातून पाहिला. या वेळी मलाही दाखवला. कपापेक्षा माझी बोटं कमी गरम. वय, म्हटलं. ती म्हणाली, "नाही, सावलीत बसता म्हणून."

२१ एप्रिल, सोमवार

नात काल चौथी आली. तीन मुली निवडायच्या होत्या.

प्रशिक्षक फोनवर बोलला. मी म्हटलं, दोष माझा धरणार असशील तर सरळ धर. तो म्हणाला, "नाही मॅडम. सरावाला चार दिवस कमी पडले, एवढंच. पण एक सांगतो. पोरगी एकदाही शिडीनं उतरली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे इथे महिनाभर वर जाऊन परत येत होती ना? तिथे पहिल्या दिवसापासून चढली की सूर. विचारच नाही."



२२ एप्रिल, मंगळवार

नात परत आली. पिशवी खाली ठेवायच्या आत मी विचारलं. "इथून का उतरत होतीस?"

ती गोंधळली नाही. जणू मी कधी विचारते याचीच वाट बघत होती. "आजी, टोकाशी टाच टेकली की खालून डब्यासारखं वाजायचं. तिथला मनोरा पायाखाली गप्प होता."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, कारणं नकोत."

म्हटलं असतं. म्हटलंच होतं. ते याच वहीत, चार तारखेच्या पानावर आहे.

"मग सांगितलंस कुणाला?"

तिनं ह्यांच्या खोलीकडे बघितलं.

मग सगळं एकदम रांगेत उभं राहिलं. हातोडी. गुडघा. कॅमेरावालीचं "काका". शिडीकडे बघून म्हटलेलं ते वाक्य. हे पायजमा झटकत बाहेर आले, तेव्हा मी दारातच उभी होते.

"तक्रार तुम्ही केलीत."

"हो."

"स्वतःच्या मनोऱ्याची."

"बेडकीनं सांगितलं," म्हणाले. नातीला ते बेडकी म्हणतात. "दुपारी जाऊन दोन-तीनदा ठोकून पाहिलं. मला नक्की कळेना. कान आता पूर्वीचे नाहीत. आणि वाटायचं, आपण बांधलाय म्हणून आपल्याला चांगलंच ऐकू येत असेल. म्हणून बाहेरचं माणूस हवं होतं. मीच बांधलाय म्हटल्यावर मीच बोलवायला नको?"

"मला सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू सगळा मनोरा धुऊन काढला असतास."

मी काही बोलणार होते.

"तसाही धुतलासच," म्हणाले.

नात तोंडावर हात धरून आत पळाली. मी हसले नाही. थोडी हसले.

इतकी वर्षं या माणसाच्या प्रत्येक गोष्टीवर मी लाल शाई फिरवत आले. शर्टाची बटणं, बोलण्याची पद्धत, उशीर. आयुष्यात बांधलेल्या सगळ्यांत ज्या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, तिच्याबद्दल कार्यालयात जाऊन 'इथे बघा, इथे काहीतरी बिघडलंय' असं त्यांनी परक्या माणसाला सांगितलं. दोष आपलाच निघेल असं धरून. मला हे जमलं असतं का, ते मला माहीत नाही. आज इतकंच.

९ मे, शुक्रवार

दुरुस्ती सुरू आहे. सुटलेला थर काढला. कामगारानं छिन्नीचे थोडे घाव घातले आणि अख्खा पापुद्रा एकसंध हातात आला. खडूच्या रेघेबाहेर बोटभरही जास्त फोडावं लागलं नाही. कॅमेरावालीनं आखलं होतं, तेवढंच आणि तसंच. खाली सळया तांबूस, फुगलेल्या. हे कठड्याला टेकून पाहत होते. "सळया जागच्या जागी आहेत," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी म्हटलं, आहेत. दोनदा म्हटलं.

रबरी चटई टाकून दिली. नवीन नको.

१४ जून, शनिवार

कॅमेरावाली शेवटची तपासणी करायला आली. या वेळी मी काल संध्याकाळीच पाण्याच्या नळीला कुलूप घातलं होतं. तिनं ते पाहिलं. मग टोपी थोडी खाली ओढली.

ऊन छान होतं. पुन्हा शिडी चढले, पुन्हा तिच्यामागे उभी राहिले. पडद्यावर सगळा कट्टा टोकापर्यंत एकसारखा.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे छान." मग हातोडीनं सगळीकडे ठोकूनही पाहिलं. कॅमेऱ्यावर ती स्वतःच पूर्ण विश्वास टाकत नाही, आणि म्हणूनच मी तिच्यावर टाकते.

खालून नात ओरडली, "आजी, येऊ?" ती पाण्यातून नुकतीच निघाली होती, अंग निथळत होतं. मी कॅमेरावालीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. ह्यांना मी खालीच बसवलं होतं, गुडघ्यासाठी. बाकावर बसून ते मान वर करून बघत होते.

नात शिडीवरून आली, आमच्या बाजूनं पुढे गेली. टोकाशी थांबली. टाच एकदा टेकली, मुद्दाम, जोरानं. टण. मग हात वर, आणि गेली.

खाली पाण्याचा आवाज आला. कॅमेरावालीनं पडदा माझ्यापुढे धरला. तापलेल्या कट्ट्यावर नातीची ओली पावलं गडद निळी उमटली होती. एकेक पाऊल, टाचेसकट, बोटांसकट. टोकाशी दोन्ही पावलं शेजारी शेजारी, जरा जास्त गडद. त्यापुढे काही नाही. परतीचं एकही नाही.

नियमाप्रमाणे शिपाई फडकं घेऊन वर आला होता. मी त्याला थांबवलं. त्याला वाटलं आपलं काही चुकलं. मी म्हटलं, "राहू दे. आपली आपण वाळतील."

आम्ही तिघं ती वाळेपर्यंत तिथेच उभे होतो.